आठवी बाई

यानशी गावात शेवयांच्या पिठात मीठ किती घालायचं ते वारा ठरवतो. उत्तरेचा कोरडा वारा डोंगर उतरून आला की मीठ कमी, समुद्राकडची ओल आली की मूठभर जास्त. श्यांग ग्वीझी रोज पहाटे अंगणात येई, तोंड किंचित उघडं ठेवून उभी राही आणि हवा जिभेवर घेऊन आत जाई. ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, नवं वर्ष तीन आठवड्यांवर आलेलं असताना, एका पहाटे ती तशीच उभी राहिली, पण तिला हवेची चव लागेना. तोंडच कोरडं पडलं होतं.

आदल्या संध्याकाळी गावचे सचिव बाओ येऊन गेले होते. चहाला नको म्हणाले, उंबऱ्यावरच उभे राहिले आणि खाली बघत त्यांनी सांगितलं की उद्या तालुक्याहून तपासणीला माणूस येतोय. कुणीतरी अर्ज टाकलाय. अर्जात एकच ओळ आहे, ग्वीझीच्या अंगणात आठ माणसं मजुरीनं राबतात.

सातपर्यंत मुभा होती. दोन वर्षांपूर्वी परवाना मिळाला तेव्हाच बाओंनी तिला नियम वाचून दाखवला होता. घरची माणसं कितीही असोत, ती मोजायची नाहीत. बाहेरची मजुरीची माणसं सात. सातपर्यंत मालक हा कष्टकरी, आठवं माणूस ठेवलं की तो दुसऱ्यांच्या घामावर जगणारा. सातच का, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. राजधानीतल्या विद्वानांना एका जाड पुस्तकात तसा हिशेब सापडला म्हणे. ग्वीझीकडे काम करणाऱ्या आमेईनं ते ऐकलं तेव्हा ती शेवयांची काठी खांद्यावर टेकवून म्हणाली होती, "म्हणजे सात बायकांचं रक्त पचतं, आठवीचं बाधतं." अंगणभर हसू पसरलं होतं. ग्वीझीही हसली होती.

आता तिला हसू येत नव्हतं. महिन्यापूर्वी खाली नदीकाठच्या बाजारगावात स्प्रिंगा वळणाऱ्या एका माणसाला अशाच एका अर्जावरून ट्रकवर उभं करून नेलं होतं. त्याची बायको अजून डबा घेऊन तालुक्याच्या तुरुंगाच्या फाटकापाशी जात होती, आणि डबा आत जातो की पहारेकरी खातात हे तिला कळत नव्हतं. ग्वीझीचा परवाना गेला असता, शेवया ओढायच्या अकरा चौकटींवर सील लागलं असतं, आणि ती स्वतः त्या फाटकाच्या आत गेली असती. सात घरांच्या चुली नव्या वर्षाच्या तोंडावर थंड झाल्या असत्या, ते वेगळंच.

तिनं रात्रीच्या जेवणाआधीच नवऱ्याला, तिंगफूला, ओढ्यापलीकडच्या झोपडीकडे पिटाळलं होतं. आठव्या बाईला सांगून ये, उद्या येऊ नका. तिंगफू परत आला तो मान हलवत. म्हातारीनं निरोप ऐकला, दार लावून घेतलं, उत्तर दिलं नाही.

आणि सकाळी ती आली. रोजच्यासारखी, सगळ्यांच्या आधी, बाह्या कोपरापर्यंत सारून.

तिचं नाव वंग पेईफंग. वय त्रेसष्ट. पाठ अजून बांबूसारखी ताठ. बारा वर्षांपूर्वी ती गावच्या बायकांच्या तुकडीची प्रमुख होती आणि गावात तेव्हा शेपट्या कापायची मोहीम चालू होती. ज्याच्या घरी खासगी धंद्याचं काही उरलं असेल ती भांडवलशाहीची शेपटी. ग्वीझीच्या आईनं एका बाळंतिणीसाठी चोरून शेवया ओढल्या आणि बदल्यात नऊ अंडी घेतली. बाळंतिणीला पहिला घास शेवयांचाच देतात, त्याला इलाज नव्हता. भर दुपारी पेईफंग कुऱ्हाड घेऊन आली आणि तिनं तिन्ही चौकटी फोडल्या. नेमकी काठ्या बसवायच्या भोकांच्या ओळीवर कुऱ्हाड घातली, कारण ती स्वतः शेवयांच्या घरातली होती. चौकट कुठं मोडली की पुन्हा जोडता येत नाही हे तिला ठाऊक होतं. मग तीन दुपारी आईला खळ्यावर उभं केलं, गळ्यात ओल्या शेवयांची माळ घालून. त्या गळ्यातच वाळल्या. पुढं आई जेवायला बसली की ताटलीतल्या शेवया बाजूला काढून ठेवी. दोन हिवाळ्यांनी ती गेली.

वारा फिरला तेव्हा पेईफंगला कुणी विचारीना. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. गावच्या उत्पादन तुकडीकडून निराधारांचं धान्य मिळे तेवढं. गेल्या शरदात ती ग्वीझीच्या फाटकाशी उभी राहिली आणि काम आहे का म्हणाली. ग्वीझीला वाटलं, दार लावून घ्यावं. पण चौकटीवर शेवया ओढायला दोन माणसं लागतात, दोघांचा जोर सारखा लागतो, आणि तसा हात गावात दुसऱ्या कुणाचा उरला नव्हता. खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती. दर दहा दिवसांनी या बाईच्या हातावर मजुरी ठेवायची आणि तिनं मान लववून ती घ्यायची, हे ग्वीझीला बघायचं होतं. पेईफंगनं मजुरी घेतली. मान मात्र कधी लववली नाही.

यादीत तिचं नाव घातलं नव्हतं. घातलं असतं तर आठवं झालं असतं. शिवाय आपल्या हातानं ते नाव कागदावर लिहायला ग्वीझीचं मन धजत नव्हतं.

"परत जा, वंगबाई," ग्वीझी त्या सकाळी दबक्या आवाजात म्हणाली. "आजचा दिवस."

"पीठ मळलंय?"

"मळलंय."

"मग कुठं जाऊ? लपू? मी दुसऱ्यांची लपवलेली माणसं बाहेर ओढलीत आयुष्यभर. मला लपता येत नाही." आणि तिनं पेटीवरचं ओलं फडकं उचललं.

पीठ थांबत नाही. कणकेचे दोर काठ्यांवर आठाच्या आकड्यात गुंडाळून पेटीत मुरत ठेवलेले. ते फुगले की चौकटीवर चढवावेच लागतात, नाहीतर सगळं वाया. ऊन डोंगराच्या खांद्यावरून अंगणात उतरलं तेव्हा आठही बायका कामाला लागल्या होत्या. वरच्या भोकात एक काठी, खालची काठी दोघींनी दोन टोकांना धरून हळूहळू मागं, आणि बोटाएवढा दोर केसाएवढा होत उन्हात पसरत जातो. नवव्या चौकटीशी पेईफंग आणि ग्वीझी होत्या. तेवढ्यात फाटक वाजलं.

तालुक्याहून आलेला कॉम्रेड झुआंग तिशीतला होता. चष्मा, निळा कोट, थंडीनं सुजलेली बोटं. सोबत बाओ. झुआंगनं कुणाला थांबायला सांगितलं नाही. तो चौकटींच्या मधल्या वाटेनं चालत गेला, अंगावर शेवया लागू नयेत म्हणून खांदे आवळून, आणि मोजत परत आला. मग कागद काढून त्यानं एकेक नाव पुकारलं. सात आवाज आले. आठवी बाई काठी धरून उभी होती.

"श्यांग कॉम्रेड, या कोण?"

काठी सोडली असती तर शेवया तुटल्या असत्या. ग्वीझीचे दोन्ही हात अडकलेले, समोर चष्म्यामागचे दोन डोळे. तिच्या तोंडून निघून गेलं, "घरच्या."

"नातं?"

"आई," ग्वीझी म्हणाली, आणि मग स्वतःच दचकून, "मानलेली आई."

बाओंनी आकाशाकडे पाहिलं. पेईफंगच्या चेहऱ्यावरची रेषाही बदलली नाही, फक्त तिच्या टोकाकडून काठीवरचा जोर किंचित वाढला, आणि तो ग्वीझीच्या मनगटापर्यंत आला.

झुआंग याच डोंगरातला निघाला, दोन खिंडी पलीकडचा. तो शांतपणे म्हणाला की मानलेलं नातं काय असतं ते त्याला माहीत आहे. गुडघे टेकून चहा द्यावा लागतो, मोठ्या माणसानं वाडगा आणि जेवायच्या काड्या द्याव्या लागतात, शेजाऱ्यांनी शेवया खाव्या लागतात. आता तो सचिवांच्या कचेरीत कागद बघेल, तिथंच जेवेल. दुपारी परत येईल आणि सातही बायकांना वेगवेगळं बसवून विचारेल, हे कधी झालं, कसं झालं, कुणी खाल्लं. नातं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर एकाऐवजी दोन गुन्हे होतील, आणि ट्रक खाली रस्त्यावर उभाच आहे.

फाटक लागलं. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आमेई म्हणाली, सोपं आहे, आपण सगळ्या सांगू की शरदातल्या पौर्णिमेला झालं, शेवयांबरोबर अंडी दोन-दोन होती, मी तीन खाल्ली. तिंगफूनं बायकोला बाजूला घेऊन सुचवलं की म्हातारीला काहीतरी द्यावं, कपडालत्ता, मागेल ते, आणि तिला हो म्हणायला लावावं.

"मी खोटं बोलणार नाही," पेईफंग नवव्या चौकटीपासून म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडत नसे. "हिच्यासाठी नाही आणि त्या चष्म्यासाठीही नाही. विचारलं तर सांगेन, मजुरीवर आहे. दहा दिवसांची घेतली, आठ दिवसांची यायचीय."

आमेई पुटपुटली की या बाईला एकदा कुऱ्हाड पुरली नव्हती. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ग्वीझी घरात गेली आणि पिठाच्या रांजणाला टेकून बसली. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा तिचं घर या बाईच्या एका शब्दावर टांगलेलं. बारा वर्षांपूर्वी ती याच दाराआड उभी राहून आईकडे बघत होती आणि काही करू शकली नव्हती. आज करण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती फाशी घेण्यापेक्षा कठीण वाटत होती. कारण यानशीत हे नातं थट्टेनं लावत नाहीत. चार लोकांदेखत आई म्हटलं की ती आई. तिला जेवू घालायचं, आजारात उठवायचं बसवायचं, ती मेली की शवपेटी करायची, पांढरं नेसून पुढं चालायचं. हे सगळं त्या बाईसाठी? खऱ्या आईच्या प्रेतामागं तर चारच माणसं होती, तीही भीत भीत आलेली.

ऊन तिसऱ्या चौकटीवरून पाचवीवर सरकलं. बाहेर बायका काम करत होत्या. काठ्या भोकात बसल्याचा आवाज तेवढा येत होता. ग्वीझी उठली, बाहेर आली, आणि पेईफंगसमोर जाऊन उभी राहिली.

"एक सांगा. त्या चौकटी का फोडल्यात?"

पेईफंगनं हातातली काठी खाली ठेवली. "कारण माझा विश्वास होता."

"माझ्या आईनं नऊ अंड्यांसाठी…"

"मला अंडी ठाऊक होती. बाळंतीणही ठाऊक होती. तुझ्या आईच्या आधी मी माझ्या सासूच्या चौकटी फोडल्या, ते तुला कुणी सांगितलं नसेल. त्या रात्री नवऱ्यानं मला घराबाहेर काढलं. क्षमा मागायला मी तुझ्याकडे आले नव्हते. काम मागायला आले. मागितली असती तर तू काम दिलं असतंस का?"

"नाही."

"मग."

ग्वीझीला वाटलं होतं की उत्तर ऐकून राग वाढेल आणि मग सोपं जाईल. ट्रक येईल, ती चढून बसेल. पण समोर उभी असलेली बाई जे होतं तेवढंच सांगत होती, एक दाणा जास्त नाही, कमी नाही. अशा बाईला काही देऊन बोलतं करता येत नव्हतं. तिच्यासमोर जे करायचं ते खरंच करावं लागणार होतं.

"मी गुडघे टेकले तर चहा घ्याल?"

पेईफंग म्हणाली, "दुपारनंतर काय? तो माणूस गेल्यावर मी पुन्हा वंगबाई?"

"नाही."

"शवपेटी?"

"करीन."

"मला तुझ्या आईच्या शेजारी पुरू नकोस. तिला आवडायचं नाही."

"नाही पुरणार," ग्वीझी म्हणाली.

तिंगफूनं पाणी तापवलं. बायकांनी चौकटींच्या मधल्या वाटेत स्टूल ठेवलं, आणि पेईफंग त्यावर बसली, सभेत बसायची तशी, हात मांडीवर. जमीन गार होती. ग्वीझीनं गुडघे टेकले, तीनदा डोकं टेकवलं. वर मान केली तेव्हा दोन्ही बाजूंना शेवयांचे पडदे वाऱ्यावर हलत होते आणि मध्ये तो चेहरा होता, जो तिनं बारा वर्षं रोज मनात शिव्या देत आठवला होता. तिनं पेला पुढं केला. शब्द बाहेर यायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही, आमेईनंसुद्धा.

"आई, चहा घे."

पेईफंगनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. द्यायला तिच्याकडे वाडगा नव्हता. तिनं आपला जेवणाचा डबा उघडला, त्यातला टवका उडालेला वाडगा आणि काड्या काढल्या, सदऱ्याला पुसल्या आणि ग्वीझीच्या हातात दिल्या. ज्यातून ती रोज जेवत होती, तोच वाडगा. मग पाचव्या चौकटीवरच्या शेवया उतरवून उकळल्या, आणि सगळ्यांनी उभ्यानं खाल्ल्या. अंडी कमी पडली. आमेई म्हणाली की आता पौर्णिमेची तीन अंडी काही सांगता यायची नाहीत, एकच खाल्लं म्हणून सांगावं लागणार.

झुआंग सांगितल्या वेळेला आला. बायकांना बसवण्याआधी तो सरळ म्हातारीकडे गेला.

"मानलेली आई म्हणतात तुम्हाला. कधीपासून?"

"आज सकाळपासून," पेईफंग म्हणाली. "तुम्ही गेल्यावर."

तिंगफूनं ग्वीझीचा दंड धरला. बाओंच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडली.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा नातं नव्हतं."

"नव्हतं."

"मग त्या खोटं बोलल्या."

"बोलली. पण मग तिनं ते खरं केलं. मीही पूर्वी सभांतून पुष्कळ बोलायचे, कॉम्रेड. त्यातलं बरंचसं अजून खरं झालेलं नाही. हिला दुपारही लागली नाही."

झुआंगच्या चेहऱ्यावर काय आलं ते उन्हाच्या तिरिपेमुळं दिसलं नाही. त्यानं मजुरीचं विचारलं. ती म्हणाली की कालपर्यंत घेत होते. आता घेणार नाही, आठ दिवसांची राहिलेलीही नाही. मग तो ग्वीझीकडे वळला. यांना शेवटपर्यंत सांभाळणार? आजारपण, शवपेटी, सगळं? ग्वीझीनं मान हलवली. तोंडी नको, तो म्हणाला, कागद करू.

बाओंचा चेहरा इथं पहिल्यांदा उजळला. त्यांनी घाईघाईनं सांगितलं की तसं झालं तर तुकडीचं निराधाराचं धान्य वाचेल, आणि ते गावाच्या नावावर चांगलंच दिसेल. झुआंगनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग पेनचं टोपण काढलं. त्यानं दोन कागद लिहिले. एकावर, अमुक दिवशी तपासणी केली, बाहेरची मजुरीची माणसं सात. दुसऱ्यावर, श्यांग ग्वीझी ही वंग पेईफंगला मरेपर्यंत आणि मेल्यावर जे लागेल ते मुलीच्या नात्यानं करील. ग्वीझीनं सही केली. शाई बोटाला लावून ठसाही दिला. पेईफंगनंही दिला. सात बायकांनी साक्षीदार म्हणून दिले, आणि आमेईनं उगाच दोनदा.

जाताना झुआंग फाटकाशी थांबला. म्हणाला, कागद वर जातील, वरचे काय म्हणतील ते त्याला माहीत नाही. पुढच्या वर्षी हा आकडा राहील की जाईल, तेही त्याला माहीत नाही. पण नववी आई आणू नका. मग तो उताराला लागला, आणि थोड्या वेळानं खाली रस्त्यावर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. तो लांब जाईपर्यंत सगळ्या ऐकत राहिल्या.

मग कुणीतरी म्हणालं, शेवया. सात चौकटी जास्त वाळायच्या बेतात होत्या. धावाधाव झाली. वाकतील इतक्या ओल्या आणि चिकटणार नाहीत इतक्या कोरड्या, त्या मधल्या क्षणाला त्या उतरवून वळायच्या असतात. दोन चौकटींवरच्या मोडल्या, बाकीच्या निभावल्या. ग्वीझी दिवसभर पेईफंगशी एक शब्द बोलली नाही. बायका घरी गेल्या, पेईफंगही ओढ्याकडे गेली. ग्वीझी अंगण झाडत राहिली, झाडून झालेली जागा पुन्हा झाडत.

दिवेलागणीच्या आधी फाटक वाजलं. पेईफंग उभी होती. पाठीवर सुतळीनं बांधलेली गादी, एका हातात कढई, दुसऱ्या हातात पाय बांधलेली कोंबडी.

"कागदावर लिहिलंय," ती म्हणाली. "मुलीच्या घरी आईनं कुठं निजायचं?"

तिंगफू आतून बघत होता. ग्वीझीनं झाडू भिंतीला टेकवला. तिच्या मनात एक नाही, दहा गोष्टी आल्या, आणि त्यातली एकही चांगली नव्हती. तिनं पुढं होऊन कोंबडी हातात घेतली.

"चुलीमागच्या खोलीत," ती म्हणाली. "भिंतीकडून गार लागतं. उशी दाराकडे घे."